स्कीचे पहिले साहित्य आणि विदर्भाचा उन्हाळा

स्कीइंगविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे थोडी संक्षिप्त करून उत्तरांसह येथे देत आहे. अभ्यासक्रमांच्या तारखा दरवर्षी बदलत असल्याने त्या विचारणाऱ्या वाचकांनी कृपया संबंधित संस्थांकडेच चौकशी करावी.

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यात (जि. यवतमाळ) कापूस व तूर घेतो. माझे वय २७ वर्षे, उंची १७० सेंटीमीटर आणि वजन ६४ किलो आहे. गेल्या फेब्रुवारीत, शेवटची वेचणी आटोपल्यावर, मी गुलमर्गला दोन आठवड्यांचा प्राथमिक अभ्यासक्रम केला. आता स्वतःचे साहित्य घ्यावे असे वाटते. पुण्यातील एक गृहस्थ १७० सेंटीमीटरच्या स्की, बाइंडिंग (बूट स्कीला अडकवणारे यंत्र), २८ मापाचे बूट आणि पोल असा संपूर्ण संच विकत आहेत. संच बारा वर्षांपूर्वीचा असला तरी जेमतेम दोनदा वापरलेला आहे आणि फार स्वस्त आहे. मला ८ नंबरची चप्पल लागते. हा संच घ्यावा काय?

उत्तर : घेऊ नये. इतके तडकाफडकी उत्तर दिल्याबद्दल राग मानू नये, कारण त्याची कारणे आपल्याच पत्रातील आकड्यांत आहेत.

‘बारा वर्षांत दोनदा वापरलेले’ हा विक्रेत्याच्या दृष्टीने गुण असेल. मला मात्र त्याचीच भीती वाटते. स्कीच्या बुटाचे बाहेरचे कठीण कवच पुष्कळदा पॉलियुरेथेन या प्लास्टिकचे असते आणि हवेतील ओलावा व उष्णता यांच्या संयुक्त परिणामाने ते आतून हळूहळू तुटत जाते; रसायनशास्त्रात या क्रियेला जलापघटन म्हणतात. लग्नासाठी घेतलेले बूट पाच-सात वर्षे पेटीत जपून ठेवावेत आणि पुढच्या लग्नात ते घालून मांडवात शिरताच तळव्यांचा भुगा व्हावा, हा अनुभव आपल्याकडे पुष्कळांना आलेला आहे, आणि त्यामागेही हेच कारण असते. स्कीच्या बुटाचे कवच मात्र मांडवात तडकत नाही. ते उतारावर, थंडीत, आपला सगळा भार त्यावर असताना तडकते. दहा वर्षांहून जुने बूट, ते कितीही चकचकीत असोत, मी फुकटसुद्धा घेणार नाही.

शिवाय ते आपल्याला मोठे होतील असे दिसते. स्कीच्या बुटांवरील अंक म्हणजे पावलाची सेंटीमीटरमधील लांबी होय. या पद्धतीला माँडोपॉइंट असे नाव आहे. संध्याकाळी, दिवसभराच्या कामाने पाऊल किंचित फुगलेले असताना, टाच भिंतीला टेकवून कागदावर उभे राहावे, सर्वांत लांब बोटापर्यंतचे अंतर मोजावे आणि दोन पावलांपैकी मोठ्या पावलाचे माप धरावे. ८ नंबर लागणाऱ्याचे पाऊल बहुधा साडेसव्वीस ते सत्तावीस सेंटीमीटरच्या आसपास भरते. नवशिक्याला दुकानात मोठा बूट नेहमीच सुखाचा वाटतो. मलाही तो वाटला होता, आणि त्या सुखाची किंमत म्हणून पहिल्याच हंगामात दोन्ही अंगठ्यांची नखे काळी पडून गळाली, कारण सैल बुटात पाऊल प्रत्येक वळणावर पुढे सरकते आणि टाच वर उचलली जाते. आतील लायनर काढून रिकाम्या कवचात पाऊल घालावे, बोटे पुढे टेकवावीत आणि टाचेमागे उरलेली फट पाहावी. ती दीड ते दोन सेंटीमीटर असेल तर माप बरोबर आहे आणि अडीचच्या पुढे गेली तर बूट मोठा आहे. मग लायनर घालून, सर्व बकले लावून, सरळ उभे राहिल्यावर बोटे पुढे हलकेच टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवताच ती किंचित मागे आली पाहिजेत. साडेसव्वीस आणि सव्वीस या दोन मापांचे कवच बहुतेक वेळा एकच असते, फरक आतल्या भरावाचा असतो, हेही ध्यानात असू द्यावे.

लांबीइतकेच रुंदीकडे लक्ष द्यावे. शेतात अनवाणी किंवा चपलेवर वावरलेले पाऊल बोटांच्या बाजूला पसरट असते. बुटांच्या माहितीत ९८, १०० किंवा १०२ मिलिमीटर अशी रुंदी दिलेली असते. त्यातील ९८ चा बूट आपल्यासारख्याच्या पावलाला शिक्षा ठरेल, म्हणून १०० किंवा १०२ पाहावा. कवचाचा ताठपणा दर्शवणाऱ्या अंकाला फ्लेक्स म्हणतात. आपल्या वजनाच्या नवशिक्याला ८० च्या आसपासचा फ्लेक्स पुरे आहे. १२० किंवा १३० हे आकडे शर्यतीत उतरणाऱ्यांचे.

आता त्या संचातील स्की. उभी धरल्यावर नवशिक्याची स्की हनुवटी ते नाक यांच्या दरम्यान यावी, म्हणजे आपल्यासाठी १५० ते १६० सेंटीमीटर. १७० ची स्की आपल्या डोक्याइतकी उंच आहे. ती वळवताना आपण तिचे ऐकाल, ती आपले ऐकणार नाही. राहिले बाइंडिंग, आणि पडण्याच्या क्षणी बूट स्कीपासून सोडवून नडगीचे हाड वाचवणारे यंत्र तेच असल्याने त्यात तडजोड नाही. ते किती जोराला सुटावे हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची मिलिमीटरमधील लांबी आणि स्कीअरची पातळी यांवरून तंत्रज्ञ ठरवतो. निर्माते फार जुन्या बाइंडिंगची जबाबदारी काही वर्षांनी सोडून देतात आणि मग चांगली दुकाने त्याला पेचकसही लावत नाहीत. तंत्रज्ञाने पातळी विचारली की संकोच न करता नवशिका असेच सांगावे. आपण मोठे खेळाडू असल्याची बतावणी केल्यास बाइंडिंग घट्ट लावले जाईल आणि सुटायच्या वेळी सुटणार नाही.

मग घ्यावे काय? या वर्षी फक्त बूट, आणि तेही नवे. भाड्याच्या स्कीवर माणूस दोन-तीन हंगाम नीट शिकू शकतो, पण शंभर जणांच्या पायांनी दबून सैल झालेल्या भाड्याच्या बुटात पायाचा इशारा स्कीपर्यंत पोहोचतच नाही. सलग दोन वर्षे किमान दहा दिवस बर्फावर काढलेत, तर तिसऱ्या वर्षी कमरेशी, म्हणजे मधल्या भागी, ७५ ते ८५ मिलिमीटर रुंदीच्या स्की घ्याव्यात. बूट ज्या प्रमाणाच्या तळव्याचे असतील त्याच तळव्याला चालणारे बाइंडिंग हवे, कारण चालायला सोपा असा गोलसर ग्रिपवॉक तळवा जुन्या साध्या बाइंडिंगमध्ये योग्य बसत नाही. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे आणि गोंडोलाचा, म्हणजे दोरमार्गावरील पाळण्याचा, दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर सुमारे ३,९५० मीटरपर्यंत नेतो. तेथील मोकळ्या बर्फात फिरणाऱ्यांच्या रुंद स्की पाहून मोह होतो. तो प्रदेश हिमस्खलनाचा आहे. तेथे ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याचा ठाव देणारे यंत्र), फावडे, शोधकाठी आणि ती वापरण्याचे प्रशिक्षण लागते, आणि पहिल्या संचाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

पुढच्या खेपेस संस्थेने दिलेले जे बूट पायाला बरे वाटतील त्यांचे माप आणि बाजूला कोरलेली तळव्याची लांबी वहीत लिहून आणावी. दारव्ह्यात बसून बूट मागवायचे झाल्यास त्या नोंदीइतका भरवशाचा दुसरा आधार आपल्याजवळ नसेल.

प्रश्न : माझी सोळा वर्षांची मुलगी एनसीसीतून गुलमर्गच्या अभ्यासक्रमाला जाणार आहे. आम्ही आर्वी तालुक्यात राहतो. तिचा पाय अजून वाढतो आहे, म्हणून दोन नंबर मोठे बूट घेऊन आत दोन जोड सुती मोजे घालावेत, असा सल्ला तिच्या मामांनी दिला आहे. हेल्मेटही त्यांच्या ओळखीच्या एकाकडून जुने मिळते आहे. माझ्यासारख्या अनभिज्ञ आईसाठी नेमकी यादी द्यावी.

उत्तर : ताई, मामांचे प्रेम खरे असले तरी त्यांचे तिन्ही सल्ले बाजूला ठेवावे लागतील. अशा अभ्यासक्रमात स्की, बूट आणि पोल संस्थाच देते, त्यामुळे वाढत्या पायासाठी बूट विकत घेण्याची गरजच नाही. आपण फक्त अंगाला लागणाऱ्या वस्तूंवर खर्च करावा.

कापसाच्या मुलखात बसून हे लिहिताना चमत्कारिक वाटते, पण बर्फावर अंगाशी सुती कपडा नको. सूत घाम शोषून धरते, लवकर वाळत नाही आणि ओले सूत अंगातील ऊब ओढून घेते. बुटात एकच, पातळ, गुडघ्याखालपर्यंत येणारा लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा मोजा घालावा. दोन मोज्यांच्या घड्या पावलाला रुततात, रक्तप्रवाह अडतो आणि पाय उलट अधिक गार पडतात. असे तीन जोड, अंगाशी बसणारा कृत्रिम किंवा लोकरी आतला पोशाख, त्यावर फ्लीस, आणि पाणी न शिरणारी विजार, जाकीट व हातमोजे एवढे पुरे. हातमोज्यांत काटकसर करू नये. ओल्या हातमोज्यांनी कंटाळून मुले शिकणे सोडून खोलीत बसलेली मी पाहिली आहेत.

हेल्मेट जुने नको. आतला फेस एकदा मोठा धक्का शोषून दबला की वरून काहीही न दिसता तो निकामी झालेला असतो, आणि जुन्या मालकाने धक्क्यांची नोंद ठेवलेली नसते. संस्था देत नसल्यास ईएन १०७७ हे प्रमाण आत छापलेले नवे घ्यावे. मोटारसायकलचे हेल्मेट येथे चालत नाही. गॉगल मात्र चांगला हवा. दर हजार मीटर उंचीला अतिनील किरणे सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजे बर्फ त्यांतील ऐंशी टक्क्यांपर्यंत परत डोळ्यांवर फेकते, म्हणून आभाळ भरून आले असतानाही डोळे उघडे ठेवू नयेत. उन्हासाठी एस-३ आणि ढगाळ दिवसासाठी एस-१ अशा काचा असतात. एकच घ्यायची झाल्यास एस-२ घ्यावी. काचेची आतली बाजू रुमालाने पुसू नये, वाफ न धरणारा लेप त्याने निघून जातो.

प्रश्न : गेल्या वर्षी मी स्की, बाइंडिंग आणि बूट असे सर्व नवे घेतले. मार्चमध्ये वरुडला परत आल्यावर ते टिनाच्या माळ्यावर ठेवले. तेथे फार तापते म्हणून एप्रिलमध्ये खाली कूलरच्या खोलीत आणले. दिवाळीला पिशवी उघडली तर कडा तांबूस झाल्या होत्या आणि एका बुटात उंदरांनी घर केले होते. माझा भाऊ चिखलदऱ्याला राहतो. तेथील थंड हवेत साहित्य ठेवणे बरे होईल काय?

उत्तर : आपले पत्र वाचून मला माझा पहिला उन्हाळा आठवला. मीही माळाच निवडला होता आणि माझ्याकडेही उंदरांनी डाव्याच बुटात बाळंतपण उरकले होते. वर्षातील दहा दिवस बर्फावर आणि तीनशे पंचावन्न दिवस विदर्भात, असे ज्या साहित्याचे आयुष्य आहे, ते घासून जाण्याआधी पडून पडून बिघडते; त्यामुळे आपली खरी देखभाल मार्च ते डिसेंबर या काळातली आहे.

सुरुवात गुलमर्गहून निघतानाच करावी. शेवटच्या दिवशी ओल्या स्की पिशवीत कोंबून दोन दिवसांचा रेल्वेप्रवास केला की गंज नागपूर स्थानकावर आपल्यासोबतच उतरतो. खोलीवर स्की पुसून रात्रभर उघड्या ठेवाव्यात, कडांवरून कोरडे फडके फिरवावे, आणि दोन्ही स्की एकमेकींवर घासू नयेत म्हणून मध्ये कापडाची पट्टी घालावी. बुटांतील लायनर रोज संध्याकाळी बाहेर काढून खोलीच्या साध्या हवेत वाळवावेत. बुखारीपुढे किंवा हीटरवर ठेवल्यास त्यांचा फेस आकसतो.

घरी आल्यावर जागा निवडताना तीन शत्रूंचा वेगवेगळा विचार करावा लागतो, आणि आपली अडचण अशी झाली की एकापासून पळताना आपण दुसऱ्याच्या हाती सापडलात. पहिला शत्रू ऊन. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना टिनाखालची हवा त्याहूनही तापते. तेथे स्कीच्या तळावरील मेण मऊ पडून धूळ धरते, थरांना जोडणाऱ्या चिकट द्रव्यावर ताण येतो आणि बुटांचे प्लास्टिक लवकर म्हातारे होते. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत तर साहित्य तासभरही ठेवू नये. दुसरा शत्रू ओल. कूलरची खोली माणसाला सुखाची असली तरी वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा पाण्याने लदलेली असते, आणि स्कीच्या कडा पोलादाच्या असतात. एप्रिल-मेच्या कोरड्या दिवसांत, जेव्हा वरुडमध्ये उघड्यावर पडलेली विळीदेखील सहसा गंजत नाही, तेव्हा आपण त्यांना रोज पाणी पाजले. त्यानंतर पावसाळ्याने उरलेले काम केले.

चिखलदऱ्याचा विचार यासाठीच सोडून द्यावा. सुमारे १,१०० मीटर उंचीमुळे तेथे उन्हाळा सौम्य आहे हे खरे, पण पावसाळ्यात ढग घरात शिरतात आणि कपाटातील कपड्यांना बुरशी येते. वर सांगितलेल्या जलापघटनाला ओलावाच लागतो.

जुन्या घरात मातीच्या जाड भिंतींची, कवेलूच्या छपराखालची एखादी मधली खोली असेल तर तिच्यासारखी जागा नाही. तशी नसल्यास स्लॅबच्या घरातील उत्तरेकडच्या भिंतीलगतची, कूलर नसलेली खोली निवडावी. स्की जमिनीवर न ठेवता, दोन लाकडी खुंट्यांवर आडव्या किंवा भिंतीला उभ्या ठेवाव्यात. दोन्ही स्की पट्ट्याने आवळून एकीवर एक बांधल्यास त्यांची मधली कमान दबते, म्हणून पट्टा सैल असावा. प्लास्टिकच्या पिशवीत घाम धरतो. जुन्या धोतराचे किंवा सुती चादरीचे वेष्टन उत्तम. बर्फावर नको असलेले सूत येथे कामाला येते. खताच्या पोत्यांशेजारी मात्र ठेवू नये, कारण युरियासारखी खते हवेतील पाणी ओढतात आणि त्यांच्या सान्निध्यात लोखंड गंजते. फवारणी पंपाच्या पितळी नळीची काय दशा होते ते आपण पाहिलेच असेल.

वखराची पास हंगाम संपल्यावर आपण तेल लावून ठेवतो, त्याच न्यायाने स्कीच्या तळावर आणि कडांवर मेणाचा जाड थर द्यावा आणि तो खरवडू नये. पुढच्या हंगामापर्यंत तळ कोरडा पडत नाही आणि कडांना हवा लागत नाही. तेल लावू नये, ते तळात मुरते आणि मग मेण धरत नाही. आपल्या कडांवरचा तांबूसपणा वरवरचा असल्यास खोडरबरासारखा मिळणारा स्कीचा रबरी दगड कडेच्या दिशेने हलक्या हाताने फिरवल्यास निघेल. खड्डे पडले असतील तर कानस स्वतः चालवू नये. कडेचे पोलाद जेमतेम दोन मिलिमीटर जाड असते, घासलेले परत येत नाही, आणि नवशिक्याच्या हातून कोन बिघडतो. गुलमर्ग किंवा मनालीच्या दुकानात वर्षातून एकदा कडांना धार लावून घ्यावी. बाइंडिंगची तपासणीही त्याच वेळी करून घ्यावी, कारण त्याची सुटण्याची चाचणी घेणारे यंत्र आपल्या बाजूला शोधत बसण्यात अर्थ नाही.

उरला तिसरा शत्रू, उंदीर. लायनरचा फेस आणि लोकर त्यांना आयतीच गादी होते. बूट पूर्ण वाळल्यावर लायनर कवचात घालावेत, बकले पहिल्या-दुसऱ्या खाचेत हलकी लावावीत, म्हणजे कवचाचा आकार टिकतो, आणि दोन्ही बूट झाकणाच्या पत्र्याच्या पेटीत ठेवावेत. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि श्रावणात एखाद्या उघडिपीच्या दिवशी बूट सावलीत तासभर वारा खायला ठेवून त्या पुड्या बदलाव्यात. लोकरीच्या मोज्यांत कसरीसाठी कडुलिंबाचा वाळलेला पाला घालण्याची आपली जुनी रीत आहेच.

ज्या बुटात उंदरांनी घर केले तो लायनर धुऊन वापरण्याच्या भानगडीत पडू नये. कवच शाबूत असेल तर त्याच मापाचे नवे लायनर वेगळे मिळतात.

प्रश्न : साकोली (जि. भंडारा) येथे स्कीचे मेण लावून देणारे कोणी नाही. घरच्या इस्त्रीने मेण लावता येईल काय? मेणबत्तीचे मेण चालेल काय?

उत्तर : मेण घरी अवश्य लावावे, पण घरच्या वाफेच्या इस्त्रीने नव्हे. तिच्या तळाला छिद्रे असतात, तिचे तापमान बरेच वरखाली होते, आणि एकदा मेण लागलेल्या इस्त्रीने नंतर कुणाच्या सदऱ्याला इस्त्री केली तर घरातील शांतता जाईल. सपाट तळाची एखादी जुनी साधी इस्त्री या कामासाठी वेगळी काढावी. मेणबत्तीचे मेण बर्फाच्या तापमानाचा विचार करून बनवलेले नसते. सर्व तापमानांना चालणारे स्कीचे मेण मागवावे, एक वडी नवशिक्याला दोन हंगाम सहज पुरते. फ्लोरिनयुक्त मेणाची जाहिरात दिसल्यास दुर्लक्ष करावे. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०२३-२४ च्या हंगामापासून स्पर्धांमध्ये त्यावर बंदी घातली आहे, आणि छंदापुरत्या स्कीला त्याची गरज कधी नव्हतीच.

स्कीचा तळ दाट पॉलिथिनचा असतो. तो ब्रशने साफ करून, मेणाची वडी इस्त्रीला टेकवून थेंब पाडावेत आणि इस्त्री टोकाकडून शेपटीकडे, एका जागी न थांबवता, सरकवत न्यावी. मेणातून धूर निघू लागला की इस्त्री फार तापली असे समजावे, कारण थांबलेल्या गरम इस्त्रीने तळ जळतो आणि जळालेला तळ पुन्हा मेण पीत नाही. बाइंडिंगच्या जागी वरच्या बाजूला हात लावून स्की फक्त कोमट लागली पाहिजे. मग अर्धा तास गार होऊ द्यावी. साठवणीसाठी लावलेला थर तसाच ठेवावा. हंगामासाठी लावला असेल तर प्लास्टिकच्या पट्टीने, धातूच्या नव्हे, खरवडून ब्रश फिरवावा. काम अंगणात करावे, पण उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत. त्यानंतर मेण गार होण्याची वाट पाहत बसावे लागते.